खिंडीतलं वऱ्हाड

लग्नाचं वऱ्हाड ज्या वाटेने गेलं त्या वाटेने परत येऊ नये, आणि नवरीला घेऊन निघाल्यावर मागे तर वळूच नये, असा त्या डोंगरातला नियम आहे. हा नियम कोणी केला आणि कोणत्या राजपत्रात छापला, याची नोंद नाही. तरीही तो पाळला जातो. वरचं राश्ना आणि खालचं राश्ना या दोन गावांची सोय याबाबतीत देवानेच करून ठेवली होती, कारण दोघांमध्ये रस्ते बरोबर दोन होते. एक नदीकाठचा, दुसरा खिंडीतला. एकाने जायचं, दुसऱ्याने यायचं. कित्येक पिढ्यांच्या नवऱ्या अशाच आल्या आणि नांदल्या. ज्या नांदल्या नाहीत त्यांच्याबाबत रस्त्याकडे बोट दाखवता येत नाही.

पुढे ही दोन गावं दोन प्रजासत्ताकांत पडली. खालचं सर्बियात, वरचं माँटेनेग्रोत. तेही चालून गेलं असतं, कारण दोघांचं मिळून संघराज्य एकच होतं. पूर्वी हे सहा भावांचं एकत्र कुटुंब. चौघं भांडून वेगळे निघाले, हे दोघं मागे राहिले, आणि आता आपसांत भांडायला त्यांना निवांत जागा मिळाली. गावकरी सर्बियाला थोरलं म्हणत, माँटेनेग्रोला धाकटं. थोरल्याचा दिनार, धाकट्याचा युरो. संघाचा अध्यक्ष धाकट्याचा, म्हणून पंतप्रधान थोरल्याचा. अध्यक्षांनी सही केली की पंतप्रधानांचा शिक्का हरवे, आणि शिक्का सापडला की अध्यक्षांचा हात दुखू लागे. दोघांना समान अधिकार असावेत असं घटनेत होतं. समान अधिकार म्हणजे दुसऱ्याचं काम होऊ न देण्याचा अधिकार, असा त्याचा अर्थ दोन्हीकडच्या घटनापंडितांनी लावला होता, आणि त्यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

त्या वर्षी प्रश्न निघाला तो दाराचा. संघाच्या परिषदेच्या सभागृहाला दार एक. त्यातून आधी कोणी आत जायचं, यावरून अध्यक्ष आणि पंतप्रधान उन्हाळ्यापासून व्हरांड्यात उभे होते. चहा तिथेच, पत्रकार परिषद तिथेच. व्हरांड्यातला राग मग डोंगरावर निघाला. थोरल्याने फर्मान काढलं, की आमच्याकडचा खाद्यपदार्थ धाकट्याकडे जाणार नाही. धाकट्याने उलट फर्मान काढलं, की थोरल्याकडचं जनावर दाखल्याशिवाय आमच्याकडे येणार नाही. वरच्या राश्नात हे पेपरात वाचून सगळ्यात जास्त कोण हसला असेल तर वुकोता. दोन शहाणी माणसं दारात अडकून बसतात आणि देश थांबतो, असं तो गुत्त्यात प्रत्येकाला थांबवून सांगे.

वुकोता म्हणजे वऱ्हाडाचा म्होरक्या. गावात कोणाचंही लग्न असो, पुढे चालणार तो, बोलणी करणार तो, नवरी आणून पोचवणार तो. म्हातारा उंच, मिशाळ, हातात काठी, आणि आवाज असा की या डोंगरावर बोलला तर त्या डोंगरावरच्या शेळ्या माना वर करत. आयुष्यात त्याने एकही नवरी उशिरा आणली नव्हती. आणि आजची नवरी तर घरची. ब्लाझो त्याच्या मेलेल्या भावाचा मुलगा. बाप गेल्यावर वुकोतानेच त्याला वाढवलं होतं. शिवाय आज चुकून चालणार नव्हतं. आज संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, की नाताळाआधीचा उपवास सुरू. उपवासात पाद्री कोणाचं लग्न लावत नाही. म्हणजे घंटेच्या आत वरच्या राश्नाचं चर्च गाठायचं, नाहीतर नाताळ उलटेपर्यंत पोरगी ना सासरची ना माहेरची.

सकाळी वऱ्हाड नदीकाठाने खाली गेलं तेव्हा कोणी हटकलं नाही. रिकाम्या हाताने जाणाऱ्या माणसाला सरकार काय विचारणार. नवरीच्या दारात रीतीप्रमाणे ब्लाझोने उंच काठीवरचं सफरचंद बंदुकीने पाडलं. ते तिसऱ्या गोळीला पडलं, पण सगळ्यांनी पहिलीच धरली. नवरी रुमेना आईविना वाढलेली. तिची मावशी दारिंका हीच तिची आई आणि तीच तिचं सरकार. दारिंकाने भाचीबरोबर कपड्यांची पेटी दिली, भरतकामाच्या टॉवेलांचं गाठोडं दिलं, चीजची बुधली दिली, आणि शिंगांना सोनेरी रंग लावलेला एक मेंढा दिला. मेंढा देखणा होता आणि त्याला ते माहीत होतं. बरोबर मुलीकडची मंडळीही निघाली. अकॉर्डियन वाजत होतं, राकियाच्या दारूची बाटली हातोहात फिरत होती, आणि वुकोता पुढे चालत होता.

खिंडीत बीचच्या लाकडाचा एक दांडा रस्त्यावर आडवा लावलेला होता. बाजूला चाकं काढलेली एक गाडी, तिच्यावर धाकट्याचा झेंडा, आणि गाडीच्या पायरीवर तादिया. हा तादिया ब्लाझोच्या आईचा सख्खा भाचा. लग्नाला आवतण असल्यामुळे त्याने गणवेशाच्या खिशाला रोजमेरीची काडी टोचली होती, म्हणजे अंगावर एकाच वेळी शासनही होतं आणि सोयरीकही. त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, नवरीच्या कपाळाचं चुंबन घेतलं, बाटलीतून एक घोट घेतला. मग त्याचं लक्ष मेंढ्याकडे गेलं आणि चेहरा सरकारी झाला.

"काका, पोरगी जाऊ दे, पेटी जाऊ दे. मेंढा कसा सोडू? दाखला लागेल."

"अरे तादिया, तुझीच शेळी रोज पलीकडे चरून येते. तिला कोण दाखला देतं?"

"ती चरायला जाते काका. तात्पुरती. हा कायमचा येतोय."

यात तर्क होता, त्यामुळे वुकोताला राग आला. पण दाखल्याचं घोडं अडायचं कारण नव्हतं. थोरल्याचा जनावरांचा डॉक्टर स्तानोये हा वऱ्हाडातच होता, मुलीकडून. त्याच्या खिशालाही रोजमेरीच होती. त्याला पुढे ओढलं. त्याने मेंढ्याचे दात पाहिले, पोट दाबलं, आणि मान खाली घातली. म्हणाला, मेंढा माझ्यापेक्षा निरोगी आहे, प्रश्न मेंढ्याचा नाही. दाखल्यावर जनावर कोणती हद्द ओलांडतंय ते लिहावं लागतं. आणि आमच्या सरकारच्या मते इथे हद्दच नाही. हद्द आहे असं मी लिहिलं तर देश फोडल्याचं बालंट माझ्यावर.

"मग हद्द नाही असं लिही," वुकोता म्हणाला.

स्तानोयेने लिहिलं. सदर मेंढा निरोगी असून तो कुठेही जात नाही, असा तो दाखला होता, खाली सही आणि शिक्का. तादियाने तो दोनदा वाचला, अदबीने घडी घालून परत दिला आणि म्हणाला, जात नसेल तर थांबू दे.

वुकोताने तोडगा काढला, की मेंढा इथेच सोडून द्यावा. त्यावर दारिंका पुढे आली. बाई बुटकी होती, पण कमरेवर हात ठेवले की रस्ता अरुंद होई.

"मेंढा राहिला तर पोरगीही राहील. रिकाम्या हाताने मुलगी पाठवली असं तुमच्या गावाने म्हणायचं आणि मी ऐकून घ्यायचं होय?"

मग इथेच कापू आणि खाऊ, उरलेलं मांस बरोबर नेऊ, असं ठरलं. सुरा निघाला. तेव्हा स्तानोयेने हात जोडले. डॉक्टरकीबरोबर अन्न तपासणीचंही काम त्याच्याकडेच होतं, थोरल्याकडे माणसांची काटकसर चालू असल्यामुळे. तो म्हणाला, मेंढा जिवंत आहे तोवर तादियाच्या खात्याचा, मेला की माझ्या. चीजच्या बुधलीकडे मी डोळेझाक केली, पण मेलेला मेंढा हा खाद्यपदार्थ झाला, आणि खाद्यपदार्थ धाकट्याकडे जाऊ देता येत नाही. माफ करा, मला विचारावं लागेल. विचारायला तो खडकावर चढला, कारण खिंडीत मोबाइलला रेंज तेवढ्याच खडकावर यायची. सुरा म्यानात गेला. दोन सरकारांच्या धोरणामुळे एखाद्याचा जीव वाचल्याचं त्या काळात दुसरं उदाहरण नसावं.

खडकावरून तो उतरला तो पडलेल्या तोंडाने. वरून विचारणा झाली होती, की धाकट्याने आपलं वऱ्हाड अडवलं आणि तुम्ही तिथे बाटली फिरवताय? परस्परतेच्या तत्त्वानुसार आपलंही नाकं ताबडतोब उभं करावं, साहित्य मागाहून येईल. स्तानोये आज्ञाधारक माणूस. त्याने नवरीच्याच गाठोड्यातले भरतकामाचे टॉवेल एकाला एक बांधले आणि वऱ्हाडाच्या मागे रस्त्यावर ताणून दोन झाडांना गाठी मारल्या. दारिंकाने तोंडाला येईल ते सुनावलं. त्याने मान डोलावून सगळं ऐकलं, गाठ मात्र सोडली नाही. आता पुढे दांडा आणि मागे टॉवेल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मेंढा.

बातमी खडकावरून गेली ती पक्षांच्या कचेऱ्यांपर्यंत पोचली. धाकट्याने थोरल्यापासून वेगळं व्हावं की नाही, यावर वसंतात मतदान व्हायचं होतं. थोरल्याकडची पोरगी धाकट्याकडे आली म्हणजे एकत्र राहण्याच्या बाजूचं एक मत वाढलं, असा हिशेब धाकट्याच्या राजधानीतल्या, पोदगोरित्साच्या कोण्या पुढाऱ्याने केला आणि तादियाला कळवलं, की दांडा हलवू नकोस. त्याच हिशेबाने थोरल्याकडच्या, बेलग्रेडच्या पुढाऱ्याने स्तानोयेला कळवलं, की टॉवेल घट्ट कर आणि पोरीला पुढे ढकल. तोवर कोणीतरी शंका काढली, की नवरा वेगळं होण्याच्या बाजूचा असला आणि बायको त्याचं ऐकणारी निघाली तर? लगेच दोन्ही हुकूम उलटे झाले. तादिया दांडा उचलायला धावला, स्तानोये टॉवेल सोडायला. शेवटी एकाला सुचलं, की पोरीलाच विचारावं. रुमेना पेटीवर बसून गारठलेले पाय चोळत होती. तिने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, माझं अजून ठरलं नाही. हे वर कळताच दोन्ही राजधान्यांत घबराट पसरली. विरोधकाचं काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, न ठरलेल्याचं नाही. दांडा खाली आला, टॉवेल ताणलेलाच राहिला.

ऊन कलायला लागलं होतं. वुकोता येरझाऱ्या घालत होता आणि व्हरांड्यातल्या दोघांचा उद्धार करत होता. इतक्यात संघराज्याची जीप आली. संघाकडे जीप एकच उरली होती, आणि तिच्यात बसायला श्रीयुत स्रेतेन. हे संघाच्या सामायिक बाबींचे निरीक्षक. सामायिक बाबी संपत आल्यामुळे त्यांना फार दिवसांत बाहेर पडायला मिळालं नव्हतं. त्यांनी दांडा पाहिला, टॉवेल पाहिला, मधली जागा पावलांनी मोजली, आणि ते तिच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"मंडळी, दांड्यापलीकडे धाकटं. टॉवेलापलीकडे थोरलं. म्हणजे ही मधली जागा कोणाची? संघाची! इतकी वर्षं नोकरी केली, पण संघराज्याची जमीन आज पहिल्यांदा पायाखाली आली."

जमीन आली म्हणजे प्रजा आली. प्रजा आली म्हणजे सरकार हवं. वऱ्हाडाने ठराव केला तर दोन्ही नाकी संघाचा मान राखून मेंढ्याला वाट देतील, असं स्रेतेनसाहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. मात्र ठराव घटनेप्रमाणे व्हायला हवा. मुलाकडची आणि मुलीकडची मंडळी हे दोन समान घटक मानावेत, वुकोता अध्यक्ष, दारिंका पंतप्रधान, आणि कोणताही निर्णय दोघांच्या संमतीने. वुकोताने मिशीवर हात फिरवला. आयुष्यभर तो म्होरक्या होता, पण अध्यक्ष हा शब्द त्याच्यासाठी कोणी वापरला नव्हता. तो म्हणाला, चला, आमच्यात कुठे भांडण आहे, एका राकियात उरकतो.

पहिलाच मुद्दा निघाला, की दांडा उघडल्यावर पुढे कोणी चालायचं. वुकोता हसून म्हणाला, विचारायचं काय त्यात, म्होरक्या चालतो. दारिंका म्हणाली, चर्चमध्ये पाऊल पडेपर्यंत पोरगी आमची, तेव्हा पुढे आम्ही. वुकोता म्हणाला, रीत आहे. दारिंका म्हणाली, रीत तुमच्या गावची. मुलाकडच्या एकाने मधे तोंड घातलं, की सफरचंद तिसऱ्या गोळीला पडलं तरी आम्ही काही बोललो नाही. ते पाडणारा मुलाकडचाच होता हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मुलीकडच्या एकाने कोण्या आजोबांच्या लग्नात वाढताना कमी पडलेल्या सूपची आठवण काढली. मंडळी हळूहळू दोन बाजूंना सरकली. अकॉर्डियनवाला मुलाकडे गेला, ढोलवाला मुलीकडे, आणि संगीत बंद पडलं.

भुका लागल्या होत्या. ब्रेड मुलाकडच्यांच्या पिशव्यांत होता, चीजची बुधली मुलीकडे. दारिंकाने बुधलीवर झाकण ठेवलं आणि त्यावर स्वतः बसली. वुकोताने ब्रेड ताब्यात घेतला. कोणी लपूनछपून जाऊ नये म्हणून त्याने रस्त्याच्या मधोमध दगड मांडायला सुरुवात केली. लहान आधी, मग मोठे, एका रेषेत, चांगले निवडून. चीजबरोबर ब्रेड खायचा असेल त्याने दोघांची परवानगी आणावी, असं ठरलं. पण दोघं बोलत नव्हते, म्हणून एका बाजूने कोरडा ब्रेड खाल्ला आणि दुसऱ्या बाजूने नुसतं चीज. स्रेतेनसाहेब दगडांवरून इकडून तिकडे हिंडले. त्यांना कोणीच काही दिलं नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ते उगाच नाही.

याच सुमारास खडकावर तादियाचा फोन वाजला, पाठोपाठ स्तानोयेचा. तिकडे व्हरांड्यातला प्रश्न सुटला होता. सभागृहाला दुसरं दार पाडायचं ठरलं, अध्यक्ष एका दाराने आणि पंतप्रधान दुसऱ्याने एकाच वेळी आत गेले, आणि आनंदाच्या भरात दोन्ही फर्मानं मागे घेतली. तादियाने दांडा उचलून गाडीमागे टाकला. स्तानोयेने टॉवेल सोडले, नीट घड्या घातल्या आणि रुमेनाच्या मांडीवर ठेवून माफी मागितली. दोघांनी सरकारी टोप्या काढल्या. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा झाला. हे त्यांनी मोठ्याने सांगितलं, दोनदा सांगितलं.

कोणी हललं नाही. वुकोता म्हणाला, ठीक आहे, पण पुढे कोण? दारिंका बुधलीवरून उठली नाही.

खाली वरच्या राश्नाच्या चर्चचं छप्पर दिसत होतं. सूर्य कड्याला टेकला होता. रुमेना उठली, तिने झगा सावरला आणि दगडांपाशी आली. पलीकडे ब्लाझो उभा होता. दुपारभर काकाला काही बोलावं असं त्याच्या मनात होतं, आणि दुपारभर ते मनातच राहिलं होतं.

"काका, घंटा होईल आता. चला ना," ती म्हणाली.

"जाऊ पोरी, जाऊच. तुझ्या मावशीला एवढं कबूल करू दे."

ती थांबली नाही. दगड ओलांडायला तिने पाय उचलला, आणि वुकोताची काठी तिच्यापुढे आडवी आली. आपण काठी आडवी केली हे त्यालाही उशिरा कळलं.

"थांब. तुझ्याकडच्यांची संमती कुठे आहे?"

रुमेनाने काठीकडे पाहिलं. तिला रडू येत होतं ते तिने गिळलं.

"काका, तादियाचा दांडा बरा होता. तो त्याला कोणीतरी लावायला सांगितला होता."

तिने वाकून काठीखालून डोकं काढलं आणि पलीकडे गेली. ब्लाझोने तिचा हात धरला. लग्नाला दोन साक्षीदार लागतात, तेव्हा तादिया आणि स्तानोये एकमेकांकडे पाहून त्यांच्या मागे निघाले, एक मुलाकडचा, एक मुलीकडचा. मेंढाही दगडांवरून उडी मारून पाठोपाठ गेला. त्याला कोणी दाखला विचारला नाही. पुढे कोण चाललं, हे त्या चौघांपैकी कोणालाच नंतर आठवेना. पाद्र्याचा हात घंटेच्या दोराला लागलेला होता. चौघं आणि मेंढा उतारावरून धावत येताना दिसले, तेव्हा त्याने दोर सोडला आणि आधी लग्न लावलं.

घंटा झाली ती खिंडीत सगळ्यांनी ऐकली. वुकोताने खाली चर्चकडे पाहिलं. वाढवलेल्या पोराचं लग्न, आणि आपण इथे. ज्याच्यामुळे हे झालं त्याला शिव्या घालायला म्हणून तो वळला, पण दांडा नव्हता आणि टॉवेलही नव्हते. रस्त्यावर दगड तेवढे होते, एका रेषेत, चांगले निवडलेले. मंडळी उठली. कोणी पुढे आणि कोणी मागे होऊ नये म्हणून मुलीकडचे खालच्या राश्नाकडे गेले आणि मुलाकडचे वरच्या, पाठीला पाठ लावून. स्रेतेनसाहेबांनी संघाला कळवलं, की संघाच्या ताब्यातील प्रदेशात परिस्थिती शांत असून चर्चा चालू आहे.

इथवर वाचून वाचकाला हसू आलं असेल तर खुशाल हसावं, वुकोताही गुत्त्यात असाच हसायचा. मग सवडीने आपल्या घरचं शेवटचं लग्न आठवावं. मुलाकडच्यांची पंगत आधी बसली की मुलीकडच्यांची, कोणाचा मान राहून गेला म्हणून कोण न जेवता उठलं, आणि त्या दोन घरांमध्ये आज बोलणं आहे का. नसेल, तर दगड कोणत्या सरकारने मांडले होते, तेवढं आम्हाला कळवावं.